वाऱ्याचं भाडं

गाठवाले आबा कुठलीही वस्तू पाहिली की ती केवढी आहे हे बघायचे नाहीत, दाबली तर केवढी होईल हे बघायचे. लग्नाच्या मांडवात गाद्यांची चळत दिसली की जवळ जाऊन वरच्या गादीत मूठ रुतवायचे आणि "निम्मी व्हईल" असं म्हणून परत जागेवर येऊन बसायचे. एकदा टोकावड्याहून येताना एसटीत आमच्या पुढच्या बाकावर एक चांगले ऐसपैस गृहस्थ बसले होते. बाक दोघांचं, पण दुसऱ्याला टेकायला जागा नव्हती. आबा माझ्याकडे वाकून म्हणाले, "दोन दाबात बसला असता." गृहस्थांनी ते ऐकलं असावं. उतरेपर्यंत ते मागे वळून वळून बघत होते आणि आबा साळसूदपणे खिडकीतून डोंगर बघत होते.

शहापूरच्या बाजूला एका गवताच्या वखारीत त्यांनी उभा जन्म काढला होता. पाऊस सरला की डोंगरावरचं गवत कापून वाळवायचं, वखारीत आणायचं, लाकडी साच्यात कोंबून दाबायचं आणि त्याच्या चौकोनी गाठी बांधून ट्रकने मुंबईच्या तबेल्यांना पाठवायच्या, असा तो धंदा. डोळखांबकडचे मजूर यायचे, आबा त्यांचे मुकादम. गाठ बांधण्यात त्यांचा हात कोणी धरत नसे असं ते स्वतःच सांगत, आणि खोटं ठरवायला त्या काळचं कोणी उरलं नव्हतं. पुढे तबेले हलले, वखार बंद पडली आणि आबा गावी आले. आमचं गाव धसईच्या थोडं पुढे. त्यांची बायको आधीच वारली होती, मुलगा बदलापूरला नोकरीला होता, तिथेच त्याचा फ्लॅट. आबा घरात एकटे. त्यांच्या आणि आमच्या घराच्या मध्ये एक आंबा आणि एक मोडकं कुंपण.

मी त्यांची नात्याने कोणी नाही. माझा नवरा त्यांना आबा म्हणायचा म्हणून मीही म्हणायचे, आणि ते मला सूनबाय म्हणायचे. नवरा मुरबाडच्या एका कारखान्यात होता. एका सोमवारी सकाळी छातीत दुखतंय म्हणाला आणि दुपारी नव्हता. मला रडू आलं नाही. गावातल्या बायका पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "रड गो, मोकली हो." मी त्यांना विचारलं, चहा ठेवू का. यात मोठेपणा काही नव्हता. आत काही हलतच नव्हतं, तर रडायचं कशाने? मूलबाळ नाही. भाऊ भिवंडीला असतो, तो दिवसाआड फोन करायचा, "ताई, तिथे एकटी काय करणार, इकडे ये." गेले असते तर त्याच्या दोन खोल्यांत मी पाचवी झाले असते. वाईट वागवलं असतं असं नाही. पण मला माझं घर सोडायचं नव्हतं. का ते तेव्हाही सांगता आलं नसतं.

गोधड्या मला आईने शिकवल्या होत्या. जुन्या साड्यांचे थर लावून, हाताने धावदोरा घालून शिवायच्या. फोनवर फोटो टाकले तर पुण्याच्या, नाशकाच्या बायका किंमत विचारायला लागल्या. हे चाललं तर मी इथे राहणार, नाही चाललं तर भिवंडी, एवढं मला कळत होतं. पहिली गोधडी खोक्यात घालून मी मुरबाडला कुरियरच्या दुकानात गेले. काउंटरवर एक मुलगी होती. तिने खोका काट्यावर ठेवला, मग टेप काढून लांबी, रुंदी, उंची घेतली आणि एक आकडा सांगितला. गोधडीच्या किमतीच्या निम्म्याच्या आसपास होता. मी म्हटलं, दोन किलोला एवढे? ती म्हणाली, "ताई, वजन आणि आकार, दोन्हींत जे जास्त निघेल ते धरतात. तुमचा खोका सहा किलोचा धरलाय." दुसऱ्या दुकानात गेले तर तिथेही टेपच निघाली. एसटीच्या पार्सलला विचारलं, तर ते डेपोपर्यंत जाणार आणि गिऱ्हाइकाने तिथे न्यायला यायचं. पुण्याच्या बाईंना भाडं कळवलं. त्यांनी नमस्काराचे दोन हात पाठवले आणि ऑर्डर रद्द केली. खोका मांडीवर घेऊन मी परत आले आणि ओट्यावर बसून राहिले.

कुंपणापलीकडून आबांनी विचारलं, "सूनबाय, गेलीस तशी परत आनलास? काय भरलंय त्यात?"

"गोधडी."

"आनि?"

"आणखी काही नाही, आबा."

"हाय तर. वारा हाय. निम्म्याच्या वर वारा हाय." कुंपण ओलांडून ते आले आणि खोका वाजवून बघितला. "गवताचा तसाच असतो गो. सुटा भरलास तर टरकात वाराच जातो मुंबईला. वाऱ्याचा भाडा तू कशाला भरतेस?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी आमच्या मागच्या पडवीत कारखाना उघडला. बैलगाडीच्या जुन्या फळ्या ठोकून बिनबुडाची पेटी केली. तिच्यावर बसेल असं लाकडी झाकण. झाकणावर आडवी एक लांब दांडी, तिचं एक टोक खांबाला बांधलेल्या दोराखाली अडकवलेलं आणि दुसरं मोकळं. मोकळ्या टोकावर मी बसायचं. "बस निवांत. तुजा वजन कामाला येऊ दे," ते म्हणाले. पण आधी गोधडीला ऊन दाखवायचं, त्यात सूट नाही. जराही दमट गवत दाबलं तर आत तापून कुजतं, आणि गोधडी म्हणजे गवत नाही हे त्यांना पटवणं माझ्या ताकदीबाहेरचं होतं. उन्हातून काढलेली गोधडी ते तीन पदरी घडी घालून पेटीत बसवत, गुडघ्याने कोपरे दाबत, मग दांडी खाली ओढत आणि मी बसले की दोन्हीकडून बांबूच्या कामट्या लावून सुतळीने आवळत. वर मी जुन्या चादरीचं कापड शिवायचे. उशीएवढा गठ्ठा व्हायचा. मुरबाडच्या त्या मुलीने टेप लावली, परत लावली, काट्याकडे बघितलं आणि म्हणाली, "ताई, आज वजनावर आलं." भाडं निम्म्याहून खाली आलं होतं. मी घरी येऊन सांगितल्यावर आबांनी फक्त विचारलं, "पोरीने टेप किती वेला लावली?" दोनदा, म्हटल्यावर त्यांना जे समाधान झालं ते पैशांचं नव्हतं.

गाठ पुरी झाली की सुतळीखाली ते गवताची एक काडी पिळून खोचायचे. वखारीतला नियम. प्रत्येक बांधणाऱ्याची खोचायची तऱ्हा वेगळी, म्हणजे कोणाची गाठ ते कळतं. मी म्हटलं, आबा, हे वखारीतलं ठीक होतं, गिऱ्हाइकाला कशाला? ते म्हणाले, "गाठ वाटेत सुटली तर शिव्या कोनाला द्यायच्या ते कलायला नको?" माझ्या गिऱ्हाइकांपैकी एकीने लिहिलं, पार्सलमध्ये कचरा आला. दुसरीने विचारलं, ही काडी देवाजवळ ठेवायची असते का. मी पहिलीची माफी मागितली आणि दुसरीला, काय करणार, हो म्हटलं. आबांना दोन्ही वाचून दाखवलं. त्यांना पहिली बाई जास्त आवडली.

मग एकदा खरंच शिव्या खायची वेळ आली. तबेल्यात गाठ सोडत नाहीत, विळ्याने कापतात. आबांच्या गाठी त्या हिशोबाच्या, सोडू म्हटलं तर नखं जातील. ठाण्याच्या एका बाईंनी सुरी घातली. सुतळी तुटली तशी आतली दाबलेली गोधडी एकदम उसळून वर आली आणि सुरी आरपार. त्यांनी फोटो पाठवला, गोधडी चांगली चार बोटं फाटली होती. मी गोधडी परत मागवली. आबांनी फाटलेल्या जागेतून बोट घालून बघितलं. मग म्हणाले, "तिला लिव. गाठ कडक बसली. चूक बांदनाऱ्याची हाय, तुमची नाय. लिवलास? बांदनाऱ्याची." मी लिहिलं. दुसरी गोधडी पाठवली. तो सगळा दिवस आबा ओट्यावर बसून एका विटेला सुरगाठ मारत होते, ओढत होते, परत मारत होते. सुरगाठ, म्हणजे टोक ओढलं की मोकळी होणारी. गुरं बांधताना पोरंही ती मारतात, पण गाठवाल्या आबांना ती अपमानाची वाटत होती. "एक वडली की सुटली. मग बांदायची कशाला?" असं विटेला विचारत विचारत ते ती शिकले. नंतर ते सुतळीचं ओढायचं टोक लाल रंगात बुडवायचे आणि प्रत्येक पार्सलच्या कापडावर मी मोठ्या अक्षरांत लिहायला लागले: सुरी लावू नये, लाल टोक ओढावे.

त्यांनी माझं सांत्वन कधी केलं नाही. येणारे सगळे नवऱ्याचं नाव काढून सुस्कारे टाकत, आबांनी त्याचं नाव काढलेलं मला आठवत नाही. रोज दुपारी चार वाजता कुंपणापाशी येऊन विचारायचे, "आज किती?" दोन म्हटलं तर दोन. नाही म्हटलं तर "मग उद्या व्हतील" म्हणून पडवीत येऊन पेटीचे खिळे ठोकत बसायचे. म्हणजे ऑर्डर असो नसो, चारला दार उघडावं लागे आणि चहा ठेवावा लागे. मी दांडीवर बसायचे. खाली गोधडी दबत जायची आणि मी हळूहळू जमिनीकडे उतरायचे. दिवसभरात काही जाणवायचं ते तेवढंच, की मला वजन आहे. बाकी जेवणाची चवसुद्धा कळत नव्हती. आबा एकदा म्हणाले, "आमटीत मीठ नाय." मी चाखून बघितली, मला काही फरक कळला नाही. त्यांनी उठून स्वतःच मीठ घातलं, माझ्याही वाटीत घातलं.

नाशिकच्या एका गिऱ्हाईक बाईंनी मला हवा काढायच्या पिशव्यांबद्दल लिहिलं. जाड प्लॅस्टिकच्या असतात. आत गोधडी ठेवायची, तोंड बंद करायचं आणि छोट्या पंपाने आतली हवा ओढून घ्यायची. मी मागवल्या. आबा नसताना सकाळी एक करून बघितली. पाच मिनिटांत गोधडीचा पापड झाला, आबांच्या गाठीपेक्षाही लहान. ना दांडी, ना कामट्या. मी झडप उघडून हवा परत आत सोडली, पाकीट कपाटाच्या वरच्या फळीवर मागे सरकवलं आणि चार वाजता दांडीवर जाऊन बसले. म्हाताऱ्या माणसाला तेवढाच विरंगुळा, तो कशाला काढून घ्यायचा, असा माझा विचार. आपण त्यांच्यासाठी काहीतरी करतोय असं मला वाटायचं. त्या दिवसांत मला वाटत होतं असं तेवढंच.

वर्ष असं गेलं. आबांचा दम वाढत चालला. गवताची धूळ जन्मभर छातीत गेलेली, त्यात जुन्या कपड्यांची भर. दांडी ओढली की खांब धरून उभे राहायचे आणि बोटाने मला खूण करायचे, बस, उठू नको. एका रविवारी त्यांचा मुलगा आला आणि आबा किराणा आणायला गेलेत असं बघून माझ्या ओट्यावर टेकला.

"वहिनी, रागावू नका," तो म्हणाला. "बाबांचं तुम्ही बघताच आहात. डॉक्टर म्हणतात धूळ बंद, जोर बंद. नाही तर या थंडीत कठीण आहे. मी दर खेपेला न्यायला येतो, ते म्हणतात सूनबायच्या गाठी हायत, कसा येऊ? तुम्ही एकदा नको म्हणालात तर येतील."

आबांना बदलापूर नको होतं. फ्लॅटमध्ये उभं राहिलं तरी बसल्यासारखं वाटतं, असं ते म्हणायचे. इथलं घर, कुंपण, चार वाजता पडवी, एवढंच त्यांचं होतं, आणि ते राहणार की जाणार हे आता माझ्या हातात आलं होतं. मला भाऊ भिवंडीला बोलवायचा तेव्हा जसं व्हायचं तसंच त्यांचं होत असणार. तरी मी मुलाला म्हटलं, बरं. छाती धरून उभे राहिलेले आबा मी रोज बघत होते. त्यावर दुसरं काय म्हणणार?

दुसऱ्या दिवशी चार वाजता ते आले तेव्हा मी पाकीट काढून ठेवलं होतं. त्यांच्यासमोर गोधडी पिशवीत घातली, तोंड बंद केलं, पंप लावला. ते पायरीवर बसून बघत होते. पिशवी आक्रसत गेली, साड्यांची फुलं एकमेकांवर चढली आणि शेवटी पाटासारखी कडक झाली. आबांनी अंगठ्याने दाबून बघितलं. पिशवी उलटवली, परत दाबली.

"पुरा काडला," ते म्हणाले. "जरा पन ठेवला नाय. सोडल्यावर परत फुगंल ना?"

"फुगेल."

"मग बरा हाय." त्यांनी खुंटीवरची सुतळी काढून नीट गुंडाळली, खिशात घातली, चहा घेतला आणि गेले. चार दिवसांनी मुलगा गाडी घेऊन आला. आबांनी आपलं सगळं सामान एका गाठीत बांधलं होतं, कशीबशी मांडीवर मावेल एवढी. मला म्हणाले, "पडवीतली पेटी जाळायला घेऊ नको, लाकूड चांगला हाय." गाडी वळून दिसेनाशी झाली. मला काही वाटलं नाही. मी आत येऊन भांडी घासली.

कुरियरचं भाडं पिशव्यांनी आणखी थोडं कमी झालं. ऑर्डरी येत होत्या, मी पाठवत होते. फक्त चार वाजता कोणी येत नव्हतं, म्हणून मी दुपारी पडले की अंधार पडेपर्यंत पडूनच राहायला लागले. केस दोन दोन दिवस तसेच. कोणाला काय फरक पडत होता?

दिवाळीनंतर बदलापूरला त्यांना भेटायला गेले. ते गॅलरीत खुर्चीवर बसले होते. दम खरंच कमी झाला होता, बोलताना मध्ये थांबावं लागत नव्हतं. मुलाची बायको चहा करायला आत गेली तेव्हा मी म्हटलं, "आबा, एक सांगायचं राहिलं. त्या पिशव्या माझ्याकडे वर्षभर होत्या. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून काढल्या नव्हत्या."

"कपाटात वरच्या फलीवर," आबा म्हणाले. "सुतलीचा नवा गुंडा काडायला गेलो तवाच बगितल्या. पाकिटावर चित्र हाय की."

मी म्हटलं, "मग बोलला का नाही? दम लागत असताना दांडी कशाला ओढत बसलात?"

"तू चारला उठायचीस," ते म्हणाले. "केस इचरून दार उगडायचीस. चाय ठेवायचीस. पिशव्या काडल्या असत्यास तर कशाला उठली असतीस? मी मनाशी बोललो, ती पोर आपली आपन उठाय लागू दे, मग जातो." मग त्यांनी विचारलं, "उठतेस ना आता?"

मी उठते म्हटलं. ते खरं नव्हतं. त्यांनी माझ्या केसांकडे पाहिलं. मग गॅलरीतल्या वाळत घातलेल्या चादरीकडे बघून, ती किती लहान होईल याबद्दल काहीतरी बोलायला लागले. मी ऐकत होते. परतीच्या एसटीत मुरबाडपर्यंत मी काय बघितलं ते मला सांगता येणार नाही.

पुढच्या महिन्यात ते झोपेत गेले. मुलाचा फोन आला. मी बदलापूरला गेले, बायकांच्यात बसले, सगळं झाल्यावर परत आले. तिथेही मला रडू आलं नाही. मी मनाशी म्हटलं, आता आपलं हे असंच राहणार. तिसऱ्या दिवशी एक दुहेरी अंथरुणाची गोधडी द्यायची होती, ती पिशवीत दाबून मुरबाडला घेऊन गेले. काउंटरवर तीच मुलगी होती. तिने टेप लावली. मग आकडा नीट बसेना म्हणून टेप काढून दुसऱ्यांदा लावली, आणि मला एकदम रडू फुटलं. असं की मला काउंटर धरावं लागलं. नवऱ्याचं आणि आबांचं, दोघांचं मिळून आलं. मुलगी टेप हातात धरून घाबरून म्हणाली, "ताई, अहो ताई, थोडंच जास्त येतंय. रडू नका ना. मी आत सरांना विचारून येते, काही कमी होतंय का." आणि ती खरंच आत विचारायला गेली.